चौदा वेळा खोडलेलं वाक्य

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा. सगळे त्याला 'छापील' म्हणत, कारण कोणी काही सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे कुठे छापून आलंय?" एकदा दुकानाचे मालक म्हणाले, "आज फार उकडतंय." याने आधी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं, मगच मान डोलावली.

ही खोड त्याला ज्ञानकोशाने लावली होती. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतं, फक्त प्रत्येक विधानाखाली संदर्भ द्यावा लागतो. अकरा वर्षं तो कामावरून आल्यावर, जेवणाआधी, तासभर त्यात लिहीत असे. पुलांवर लिहिलं, भिंगांवर लिहिलं, पण त्याचा जीव एकाच पानात होता. ते पान म्हणजे गावातल्या सायकलपटूचं चरित्र.

तरुणपणी दोघं एकाच सायकल क्लबात होते. शर्यतीत छापील बहुतेक वेळा शेवटून दुसरा यायचा, आणि शेवटच्याची सायकल पंक्चर झालेली असायची. त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेला तो पोरगा मात्र चढ लागला की मागच्यांना नुसती पाठ दाखवायचा. पुढे तो देशाच्या संघात गेला, पदकं आणली. तरी गावी आला की "वहिनी, खायला काय आहे?" म्हणत थेट छापीलच्या स्वयंपाकघरात शिरायचा. छापीलने त्याचं पान एकेक वाक्य जुळवत उभं केलं होतं. पानावरचा फोटोसुद्धा त्यानेच काढलेला.

एक दिवस कुणा निनावी माणसाने त्या पानावर एक वाक्य घातलं: 'हा खेळाडू बंदी असलेली औषधं घेतो.' खाली संदर्भ नव्हता. छापीलने ते खोडलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. असं चौदा वेळा झालं. शेवटी पानामागच्या चर्चेत त्या माणसाने लिहिलं, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." छापीलने उत्तर दिलं, "डोळे हा संदर्भ होत नाही." मग त्याने ज्ञानकोश सांभाळणाऱ्या प्रचालकांकडे तक्रार केली आणि त्या माणसाचं खातं कायमचं बंद करवलं.

मनात मात्र कुसळ राहिलं. पुढच्या वेळी सायकलपटू आला तेव्हा घराच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून छापीलने विचारलंच.

"लोक काहीबाही बोलतात. तू तसलं काही घेत नाहीस ना?"

"दादा, तुझ्याशी खोटं बोलेन का मी?"

"नाही."

"मग झालं तर."

आपण विचारलं याचीच छापीलला लाज वाटली.

तीन वर्षांनी सायकलपटूच्या चौकशीचा निकाल आला. जुने नमुने नव्याने तपासले होते आणि त्यांत रक्त वाढवणारं औषध सापडलं होतं. चार वर्षांची बंदी झाली, दोन पदकं परत गेली. एक्कावन्न पानांचा निकाल छापीलने सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चौतिसाव्या पानावर खेळाडूचा कबुलीजबाब होता: शर्यतीच्या आठवड्यात इंजेक्शनं संघाच्या मुक्कामी न ठेवता एका परिचिताच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, त्या परिचिताला कल्पना नव्हती. खाली तारखा दिल्या होत्या.

त्याने बायकोला हाक मारली. "अगं, त्या शर्यतीच्या वेळी तो आपल्याकडे उतरला होता ना?"

"हो की. निळा डबा घेऊन आला होता. पोटाचं औषध आहे, थंड लागतं म्हणाला. मी दुधाचं पातेलं हलवून जागा करून दिली." बोलता बोलता ती थांबली. छापीलने स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि आत गेली. थोड्या वेळाने फ्रिजमधले कप्पे काढून घासल्याचा आवाज येऊ लागला.

त्या संध्याकाळी त्याने पान दुरुस्त केलं. पदकं काढली, बंदी लिहिली, खाली निकालाचा संदर्भ दिला. तासाभरात सायकलपटूचा फोन आला.

"दादा, पहिल्याच परिच्छेदात कशाला? खाली कुठेतरी टाक ना. माझी पोरगी वाचते रे."

"महत्त्वाचं असतं ते पहिल्याच परिच्छेदात येतं."

"तू माझा माणूस आहेस."

"मी तुझा फ्रिज होतो."

"तुझं नाव घेतलं नाही मी," तो म्हणाला. " तुला कल्पना नव्हती, हेही सांगितलं. तुला वाचवलंच ना?"

हे तो उपकार केल्यासारखं बोलत होता.

"पायरीवर मी विचारलं, तेव्हा तुला तो डबा आठवला होता?"

"आठवला होता," तो म्हणाला.

छापीलने फोन ठेवला. मग पानामागच्या चर्चेत लिहिलं: 'निकालातला परिचित मीच आहे. यापुढे या पानावर मी लिहिणं योग्य नाही. मी चौदा वेळा खोडलेलं वाक्य खरं होतं. ज्याचं खातं मी बंद करवलं त्याची माफी मागतो.' खातं पुन्हा उघडावं, अशी विनंतीही केली.

आठ दिवसांनी त्या खात्यावरून उत्तर आलं. तो निनावी माणूस संघाचा सायकल मिस्त्री होता. 'पाहिलेलं बोललो, त्याच महिन्यात मला संघातून काढलं. छापायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तिथे लिहीत होतो. माफी पोचली. पण काय पाहिलंस, असं तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं.'

छापीलने ते कितीतरी वेळ वाचलं. ज्याला वाचवायचं होतं त्याला त्याने विचारलं होतं. ज्याने पाहिलं होतं त्याला नाही. मित्राने फसवलं होतं, पण या माणसावर अन्याय करणारा तो स्वतःच होता. पत्ता विचारून पुढच्या रविवारी बस धरून तो मिस्त्रीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेला. मिस्त्रीने बसायला खोकं पुढे केलं आणि चाकाचे आरे कसता कसता सगळं सांगितलं. दोन तास छापील फक्त ऐकत होता.

त्याने ज्ञानकोशात लिहिणं सोडलं. बंदी संपल्यावर सायकलपटू एकदा चष्म्याच्या दुकानात आला, जवळचं दिसेनासं झालं होतं म्हणून. बाहेर मालकांशी बोलणारा त्याचा आवाज छापीलने ओळखला. नंबराची चिठ्ठी आत आली. त्याने काचा घासल्या, दोनदा तपासल्या, पुसून फ्रेममध्ये बसवल्या आणि मालकांच्या हाती बाहेर पाठवल्या. तो स्वतः काही बाहेर गेला नाही.