छत्तीस वर्षांनी रुसलेला जवाई

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात जागेश्वर धकातेच्या मागाचा खटखटाट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा स्वतःचा आवाज मात्र फार थोड्यांनी ऐकला असेल. साठी उलटली तरी तो अजून खड्डामागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतो. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाखालच्या पावड्या दाबायच्या, हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. या कामात बोलावं लागत नाही, म्हणून ते त्याला मानवलं असावं. टपरीवर चहा मागायचा तरी तो दोनदा घसा साफ करतो.

आंबागडला त्याचं लग्न झालं, तेव्हाची गोष्ट सासरी अजून सांगतात. पंगतीत नवरदेवानं रुसायचं, ताटाला हात लावायचा नाही, सासूनं येऊन विचारायचं आणि मग घड्याळ किंवा सायकल कबूल करायची, अशी रीत. जागेश्वरनं ताट वाढल्याबरोबर जेवायला सुरुवात केली. बाजूच्यानं चिमटा काढला, तर म्हणाला, "भूक लागली." तेव्हापासून त्याची सासू आनंदाबाई प्रत्येक भेटीत म्हणते, "जवाई, तुमचा रुसवा बाकी हाये बरं."

गेल्या वर्षी धानाच्या लोंब्या निसवायच्या दिवसांत, सकाळी गल्लीत ताण्याचे उभे धागे पसरायला निघालेल्या जागेश्वरला रस्त्याखालच्या पुलाच्या नळीतून केविलवाणं कुंईकुंई ऐकू आलं. कुत्री आदल्या दिवशी ट्रकखाली गेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिला पिल्लू होतं हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. जागेश्वर इकडेतिकडे बघत राहिला, कोणीतरी येईल म्हणून. आलेले सगळे सायकलीवरून पुढे गेले. शेवटी तो चिखलात पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मुठीएवढं तांबडं पिल्लू ओढून बाहेर काढलं. लोक हसत होते. त्याचे कान लाल झाले. पिल्लू सदऱ्यात घालून तो मान खाली घालून घरी आला.

पिल्लाला मागाचा खड्डा आवडला. तिथं ऊब होती. ते जागेश्वरच्या पावलांवर झोपायचं आणि पावडी दाबायच्या आधी त्याला अंगठ्यानं चाचपून बघावं लागायचं, कुठं शेपटी तर नाही ना. काम अर्ध्यावर आलं. तरी तो काही बोलला नाही.

बोलली त्याची बायको, रुखमा. काठाच्या सुती ताण्याला भाताच्या पेजेची खळ देऊन तो गल्लीत ताणून वाळत ठेवला होता. पिल्लाला त्यात भाताचा वास आला. रुखमा पाणी घेऊन येईपर्यंत त्यानं वीतभर काठ चाटून चावून टाकला होता.

"आज काठ खाल्लन, उद्या पदर खाईन," रुखमा म्हणाली. "मंग गिऱ्हाइकाले काय कुत्रं नेसवान?"

"लहान हाये," जागेश्वर म्हणाला.

"तुमी मोठे हाव ना? पाहा मंग कोणाच्या घरी देता ते."

जागेश्वर चार घरी गेला. चारही घरी दारात उभा राहून, हवापाण्याचं बोलून परत आला. पिशवीत पिल्लू आहे हे कोणाला कळलंसुद्धा नाही.

मग रुखमाचा धाकटा भाऊ टेकचंद बाजारासाठी आला आणि प्रश्न आपोआप सुटला. "मले द्या ना भाऊजी! डुकरं सारं धान लोळवून राहिले. शेतावर राखणीले कुत्रा पायजेच." जागेश्वरला बरं वाटलं. सासरचं घर, ओळखीचा माणूस. त्यानं स्वतः पिल्लू पिशवीत बसवून मोटारसायकलीच्या हँडलला अडकवलं.

गाडी सुरू करता करता टेकचंद हसत म्हणाला, "मांगच्या दोन कुत्र्यायले बिबट्यानं नेलं. याचं नशीब पाहू."

आणि गेला.

जागेश्वर रस्त्यात उभा. 'थांब' हा शब्द तोंडात होता, पण गाडी वळेपर्यंत तो बाहेर आला नाही. त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. धोटा हातातून निसटे. जोडलेला धागा पुन्हा तुटे. पावडी दाबण्याआधी अंगठा अजून खड्ड्यात चाचपायचा आणि काही लागत नसे. तो माग सोडून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत बसायचा.

"मुंग्या चावून राहिल्या का?" रुखमानं विचारलं.

"टेकचंदले फोन लाव."

"काय सांगू?"

दिलेली वस्तू परत कशी मागायची? मेहुणा म्हणेल, भाऊजी म्हातारपणी खुळावले. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, रिकामी पिशवी घेतली आणि तुमसरची बस धरली. बसमध्ये जागा होती तरी तो उभाच राहिला. तुमसरला गाडी बदलायची होती. तिथं त्यानं तीन वेळा चौकशी केली. एका दिवसात तीन अनोळखी माणसांशी बोलण्याची त्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

आंबागडला पिल्लू ओसरीवर सुतळीनं बांधलेलं होतं. जागेश्वरला पाहताच ते स्वतःभोवती गरगर फिरून सुतळीत अडकलं. त्यानं वाकून सोडवलं.

"जवाई! असे अचानक? रुखमा बरी हाये ना?" आनंदाबाई काठी टेकत बाहेर आली.

"बरी हाये. सहज आलो."

सहज! छत्तीस वर्षांत जागेश्वर कधी सहज आला नव्हता. घरात धावपळ उडाली. टेकचंदची बायको चंदानं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. टेकचंद हातपाय धुऊन पाटावर बसत म्हणाला, "बरं झालं आले. तुमचं कुत्रं घराले सवकलं. उद्यापासून नेतो शेतातल्या खोपडीवर."

ताट समोर आलं. पिल्लू येऊन जागेश्वरच्या पावलांवर आडवं झालं, जसं खड्ड्यात व्हायचं तसं. उद्यापासून. जागेश्वरनं हात पुढे केला आणि मागे घेतला. भाताची वाफ निवत चालली.

"जेवा ना," चंदा म्हणाली.

तो बसून राहिला. आनंदाबाईनं डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि काठी जमिनीवर आपटली.

"अवो चंदा, जवाई रुसले! रुसले वो जवाई!"

सगळे खो खो हसले. आनंदाबाई समोर येऊन बसली. "सांगा, काय पायजे? घड्याळ का सायकल?"

जागेश्वरनं घसा साफ केला. पुन्हा केला. "शेतावर नको."

"कोण नको?"

त्यानं पायाकडे बोट दाखवलं. "हा. बिबट्या नेईन याले."

टेकचंदचं हसू थांबलं. "भाऊजी, धान तोंडावर हाये. मंग डुकरं कोण हाकलन? मी भुंकू का?"

"भुंक," आनंदाबाई म्हणाली. "मांगं डबे वाजवूनच राखण करत होते ना तुये बाबूजी? छत्तीस वर्षं माया जवायाचा रुसवा बाकी राहिला. आता मांगितला तर नाई म्हणू? कुत्रा मायाजवळ राहीन, खाटेखाली."

"पण माय..."

"पण नाई न बिन नाई."

टेकचंद कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "राहू द्या. बांधतो डबे."

जागेश्वर अजून ताटाकडे हात नेत नव्हता. "नक्की?" त्यानं विचारलं, इतक्या हळू की टेकचंदला पुढे वाकावं लागलं.

"नक्की, भाऊजी! जेवा आता, भात थंडा होऊन राहिला."

तो जेवला. थंड भात, दोनदा मागून घेतला.

परतीच्या बसमध्ये रिकामी पिशवी मांडीवर होती; पिल्लू घरी नेलं असतं तर रुखमाच्या ताण्याशी पुन्हा गाठ होती. तुमसर येईस्तोवर त्याला ठीक वाटलं. मग वाटू लागलं, डुकरांनी एका रात्रीत धानाची बांधी लोळवली तर टेकचंदचा शब्द टिकेल का? आनंदाबाईला तर दुपारी झोप लागते.

दुसऱ्या दिवशी मागावर बसण्याआधी त्यानं रुखमासमोर हात पसरला. "फोन दे."

"तुमी बोलसान?" तिनं डोळे मोठे केले, पण फोन लावून दिला.

"हॅलो," जागेश्वर म्हणाला. "हाये का घरी?"

"हाये, हाये," पलीकडून आनंदाबाई ओरडली. "मायाच पायावर झोपून हाये. टेकचंद डबे बांधाले गेला."

"बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि दोन वीत विणून काढलं.

संध्याकाळी त्यानं पुन्हा फोन मागितला.