आईला नागपूरला नेणारा रेडिएटर

आईच्या कंबरेत पूर्वी बसवलेले स्क्रू ढिले झाले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ते लवकर काढून नवे बसवले नाहीत तर पायांतली ताकद जाईल, आणि गेली की परत येणार नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली ती ऐन मे महिन्यातली. आता प्रश्न होता तो जबलपूरहून नागपूरला तिला न्यायचं कसं हा.

रेल्वेच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. हल्लीच्या मोटारींत शिरायला कंबर वाकवावी लागते, ती वाकत नव्हती. अॅम्ब्युलन्सचं नाव काढलं की आई तोंड फिरवायची.

"आपल्या गल्लीतून जे जे अॅम्ब्युलन्सनी नागपूरला गेले त्यातलं परत कोण आलं, सांग बरं? मी नाही जात. चलो, विषय संपला."

राहिली आमची जुनी गाडी. एके काळी सरकारी साहेब जिच्यातून फिरत ती गोल बोनेटची, सोफ्यासारख्या सीटची, उंच छपराची गाडी. बाबांनी डिफेन्सच्या कारखान्यात इन्स्पेक्टर असताना सेकंड हँड घेतलेली. तिचं मागचं दार इतकं रुंद की आईला पाटावर बसवून तशीच आत सरकवता येई, आणि मागच्या सीटवर ती पाय पसरून झोपू शके. लोक आमच्या गाडीला क्लासिक वगैरे म्हणत, हौशी तरुण फोटो काढत. आमच्यासाठी ती आईला झेपणारी एकमेव गाडी होती, बस्स.

आणि तीच गाडी मार्चमध्ये दमोह नाक्याच्या जॅममध्ये उकळली. मी आईला तपासणीहून चेरीतालच्या घरी आणत होते. इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर, बोनेटखालून वाफ, मागे आई घामानं भिजलेली आणि पुढे हॉर्न वाजवणारं अख्खं जग. घर हाकेच्या अंतरावर होतं म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मुळात माझा स्वभाव ताक फुंकून पिण्याचा, त्यात आता दुधानं तोंड पोळलेलं. डोळे मिटले की मला सिवनीच्या पुढचं जंगल दिसे, कुरईचा घाट दिसे आणि त्या घाटात वाफा सोडत उभी असलेली आमची गाडी दिसे. बाबा म्हणत, "काहून इतकी घाबरून राहिली तू?" मी घाबरत होते कारण घरात घाबरायचं खातं माझ्याकडे होतं. बाबांनी ते कधी सांभाळलं नाही.

मूळचा पितळेचा रेडिएटर इतक्या वेळा झाळून झाला होता की त्यात धातू किती आणि झाळ किती हे सांगता येऊ नये. तो बदलायचा यावर आमचं दोघांचं एकमत होतं. पुढे मात्र जुंपली.

बाबांना पितळेचाच हवा होता. त्यांचं म्हणणं, पितळेचा गळला तर वाटेतला कोणीही झाळून देतो, अॅल्युमिनियमला असलं काही चालत नाही. "जंगलात फुटला तर वेल्डिंगवाला झाडावरून उतरणार आहे का?"

"तुमचा तो पितळेवाला कारागीर आता मोबाईलची कव्हरं विकतो, बाबा. आणि जंगलात फुटूच नये म्हणून तर नवा घेऊन राहिलो ना आपण?"

मी रात्रंदिवस व्हिडिओ पाहून पंडित झाले होते. अॅल्युमिनियम हलकं, उष्णता लवकर सोडतं, वगैरे. पण जितकं पाहावं तितकी भीती वाढे. एक म्हणे टाक्या प्लॅस्टिकच्या असतील तर उन्हात तडकतात. दुसरा म्हणे लोखंडाच्या पट्टीवर नुसता आवळून बसवला तर घासून भोक पडतं. तिसरा भलताच हसतमुख होता आणि त्याच्यावर माझा अजिबात विश्वास बसला नाही.

शेवटी बाबांना घेऊन रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत गेले. तिथे जनरेटरचे रेडिएटर बनवणारा एक जण जुन्या गाड्यांसाठीही मापानं करून देतो असं कळलं होतं. चाळिशीचा, बोलघेवडा माणूस. त्यानं एक चकचकीत रेडिएटर आमच्यापुढे ठेवला.

"दीदी, फुल वेल्डेड है, प्लास्टिक का नाम नहीं. जिंदगी भर का काम है."

बाबांनी चष्मा वर केला. "किस की जिंदगी भर? मेरी या गाडी की?"

तो हसला. मी नाही हसले. मला असली थट्टा त्या दिवसांत सोसत नव्हती.

मग बाबांमधला इन्स्पेक्टर जागा झाला. टॉर्च काढून वेल्डिंगच्या प्रत्येक रेघेवरून त्यांनी नख फिरवलं. तोंडं बंद करून हवा भरायला लावली, सायकलची ट्यूब तपासतात तसा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायला लावला आणि बुडबुडा येतो का ते वाकून पाहत राहिले. एकदा नाही, परत परत. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाबूजी, अब तो इसमें मछली आ जाएगी." बुडबुडा आला नाही. पट्टीखाली रबर घालून बसवायचं ठरलं, आणि बाबांनी मान हलवली. ती मान हलली आणि मला थोडा वेळ का होईना, हायसं वाटलं.

निघताना त्यानं दोन गोष्टी बजावल्या. नवं झाकण कडक स्प्रिंगचं आहे, दाबून फिरवायचं. पहिल्या खाचेवर ते नुसतं अडकतं, दुसऱ्या खाचेपर्यंत गेलं तरच बंद होतं. पहिल्यावर राहिलं तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट हळूहळू बाहेर जाईल. आणि आत फक्त तयार कूलंट, साधं पाणी थेंबभरही नको.

"नर्मदा जी का भी नहीं?" बाबांनी विचारलं.

"मैया का तो बिलकुल नहीं बाबूजी, सब खार जम जाएगा."

बाबा माझ्याकडे बघून मिश्कील हसले, कारण हा आईला टोला होता. आमच्या घरची रीतच होती, गाडी गावाबाहेर निघायची तर आदल्या दिवशी ग्वारीघाटावरून पाणी आणायचं आणि आईनं 'नर्मदे हर' म्हणून तांब्याभर रेडिएटरमध्ये ओतायचं. बाबा दर वेळी कुरकुरत, "अगं, इंजिन आहे ते, देव्हारा नाही." आई म्हणे, "तुमचं इंजिन माझ्या मैयाच्या भरवशावर चालतं." जुना रेडिएटर कापला तेव्हा नळ्यांत पांढरा थर दगडासारखा बसला होता. बाबांनी तो मुद्दाम घरी आणून आईला दाखवला. आई म्हणाली, "मग काय झालं? इतकी वर्षं पोचवलं ना सगळीकडे?" पण या वेळी पाणी घालायचं नाही हे तिनं मुकाट्यानं मान्य केलं. मला वाटलं, एक काळजी मिटली.

निघालो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. आईला सीटवर झोपवलं, तिच्या पाठीखाली उशा दिल्या. आदल्या संध्याकाळी झाकण मी स्वतः दाबून बघितलं होतं, दुसऱ्या खाचेवर, पक्कं. लखनादोनपर्यंत काटा मधोमध होता. सिवनी गेलं तरी मधोमध. बाबा शेजारी गप्प बसून होते, एरवी ते मला गिअर कधी टाकायचा तेही सांगतात. मी हळूहळू सैल पडले. गुणगुणलेसुद्धा, असं आई नंतर म्हणाली.

कुरईचा घाट लागला आणि काटा हलला.

आधी मला भास वाटला. मग तो सरळ वर चढायला लागला. जंगलातला रस्ता, दोन्ही बाजूंना जनावरांसाठी घातलेल्या उंच भिंती, थांबायला मनाई. तरी पुढे जरा रुंद जागा दिसली तिथे गाडी घातली. बोनेटखाली हिरवट कूलंट टपटपत होतं. रेडिएटर धडधाकट होता, कुठे भेग नव्हती. झाकण तेवढं पहिल्या खाचेवर अडकलेलं होतं.

"हे कोणी उघडलं?" मी ओरडले. "काल मी बघितलं होतं. कोणी हात लावला?"

मला आईचाच संशय. पण ती तर पलंगावरून उठूच शकत नव्हती. बाबा गाडीच्या दाराला टेकून उभे होते.

"मीच," ते म्हणाले. "सकाळी. मैयाचं पाणी घातलं थोडंसं."

"तुम्ही?"

"तुझ्या आईनं नाही सांगितलं. तिला माहीतपण नाही. झाकण नंतर दाबलं मी, पण बोटांत जोर नाही पुरला वाटतं."

माझा राग मस्तकात गेला होता. आयुष्यभर ज्या माणसानं त्या तांब्याची टिंगल केली, त्यानं नेमकं आजच्या दिवशी हे करावं? मी तोंड उघडलं, आणि ते म्हणाले, "भीती वाटली मला."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

झाकण थंड होईपर्यंत उघडता येत नव्हतं. आई आत तापत होती, दारं उघडली तरी येणारी हवा भट्टीतली. मी ओला पंचा घेऊन तिच्या डोक्यावर ठेवायला गेले तर तिनं माझा हात ढकलला.

"मला काही नाही झालं. यांना बघ. यांना आधी पाणी पाज."

"बाबा पितील गं, तू..."

"सकाळपासून घोटभर नाही घेतलेलं यांनी. मी मागून बघून राहिली. वाटेत सारखं उतरावं लागतं म्हणून पीत नाहीत. माझ्यापायी उशीर नको म्हणून."

मी वळून पाहिलं. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. मी दर वळणावर आरशातून आईकडे पाहिलं होतं, दर मिनिटाला काट्याकडे पाहिलं होतं. शेजारच्या सीटकडे एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या काळजीत बाबा कधी नव्हतेच. ते आईला सांभाळायला माझ्या बाजूला उभे असत, एवढंच मला माहीत होतं.

त्यांना सावलीत बसवलं, घोट घोट पाणी पाजलं. इंजिन निवल्यावर डिकीतल्या कॅनमधलं कूलंट भरलं, झाकण दोन्ही हातांनी दाबून दुसऱ्या खाचेत घातलं. नागपूरपर्यंत काटा मधोमध राहिला. सीमेवरचं खवासा गाव गेल्यावर बाबा बोलायचेच थांबले, आणि मागून आई दर थोड्या वेळानं हाक मारत राहिली, "अहो, ऐकता ना?" ते हं म्हणेपर्यंत मी श्वास धरून गाडी चालवत होते.

दवाखान्यात आईसाठी राखून ठेवलेल्या पलंगावर तिथल्या नर्सनी आधी बाबांना झोपवलं आणि सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. आई चाकाच्या खुर्चीत, कंबरेला पट्टा बांधून, पलंगाला लागून बसली होती. किती वेळ बसवणार तिला असं, म्हणून मी दुसरा पलंग मागायला निघाले, तर तिनं मला थांबवलं.

"राहू दे. इथून यांचा चेहरा दिसतो."