सव्वानऊचा पुतळा

फ्लॉरेन्सहून आणलेल्या आठ मॅग्नेटपैकी पाच बंगळुरूला पोचेपर्यंत फुटले. किस्से मात्र दर शनिवारी आमच्या क्लबहाऊसमध्ये वाढतच चाललेत! परवा तर बर्वेकाकांनी सगळ्यांना सांगितलं की मी विमानतळावर बेशुद्ध पडले होते. मी फक्त खाली बसले होते! म्हणून म्हटलं, खरं तेवढं लिहून टाकावं.

बाबांच्या सरकारी कारखान्यातून रिटायर झालेली मंडळी, काही शेजारी, बाबा आणि मी, अशी ट्रिप ठरली होती. ऐनवेळी बाबांची कंबर धरली आणि सात ज्येष्ठ नागरिक माझ्या गळ्यात पडले. मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी मुलगी!

निघताना त्यांच्यातल्या सुमनकाकूंनी माझा हात धरला. त्यांनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि वर्गाच्या भिंतीवर कायम फ्लॉरेन्समधल्या त्या संगमरवरी तरुणाचा फोटो.

"बाळा, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल. हे गुडघे आता पुढच्या वर्षी कुठे नेणार नाहीत मला. तेवढा पुतळा दाखव."

तिकीट मिळालं ते शेवटच्या दिवशीचं, सकाळी सव्वानऊचं. दुसरं नव्हतंच. मी तीन अलार्म लावले. पहिल्याच दिवसापासून!

* * *

पहिल्या दिवशी मोठं चर्च. मी दारातल्या गार्डशी बोलून मागे वळते तर काय, सात जोड चपला-बूट भिंतीलगत रांगेत, आणि मंडळी मोज्यांवर, हात जोडून उभी!

"अहो काका, इथे काढत नाहीत!"

"देवाच्या दारात?" बर्वेकाकांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मीही काढले.

आमच्या मागचं एक गोरं जोडपं थोडा वेळ गोंधळून बघत राहिलं, मग तेही खाली वाकून लेस सोडायला लागलं.

आणि पवारअण्णा, ज्यांच्या घरचं बंगळुरूच्या चिकपेटमध्ये तीन पिढ्यांचं साड्यांचं दुकान आहे, ते गार्डपुढे हात पसरून उभे होते. "टोकन?"

* * *

म्युझियममध्ये मी अण्णांना अजिबात नजरेआड करत नव्हते. तरी ते एका चित्रातल्या देवमातेच्या निळ्या वस्त्रापाशी अडकलेच.

"पोरी, काठ बघ. असलं जरीकाम आता मिळत नाही." आणि बोट पुढे.

अलार्म वाजला. गार्ड धावत आला. अण्णा शांतपणे चष्मा पुसत होते, आणि मी दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटले होते!

गार्डने अण्णांना सोडलं आणि मला खुर्ची दिली.

* * *

बर्वेकाका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. त्या चर्चचा प्रचंड घुमट दाखवत गाईड रंगात येऊन सांगत होती, खालून लाकडी आधार न देता बांधलाय, शेकडो वर्षं उभा आहे.

काका मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले. "व्हेरी गुड. टेस्ट रिपोर्ट कुठे आहे?"

"सर, तो अजून उभा आहे!"

"ते दिसतंय. पण लेखी काही?"

* * *

शेवटचा दिवस. आम्ही साडेआठला निघालो. पण ते दगडी रस्ते! सुमनकाकू दर पन्नास पावलांवर थांबायच्या. टॅक्सी मिळेना. शेवटी एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने अण्णा, असं करत दाराशी पोचलो तेव्हा दहाला वीस कमी.

दारावरच्या बाईने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. मी तिकीट परत पुढे केलं. काकू म्हणाल्या, "जाऊ दे बाळा. फोटो आहे ना घरी." ते ऐकून तर मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात अण्णा पुढे झाले. हात जोडले, काकूंच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि शुद्ध कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" म्हणजे, जरा सांभाळून घ्या!

बाईने काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग तिने दोरी बाजूला केली.

आत काकू दहा मिनिटं मान वर करून पुतळ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. मी पाण्याची बाटली काढली.

"उजवा हात बघ. मोठा आहे," काकू म्हणाल्या.

"हो काकू, गाईड म्हणत होती, मुद्दाम—"

"फोन लाव गीताला."

गीता म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मॅनेजर. मी घाबरत स्पीकर लावला.

"गीता, सातवीत तू वडिलांचं चित्र काढलं होतंस. रंधा मारताना."

"हो मिस... का?"

"हात मोठे काढलेस म्हणून मी दोन मार्क कापले होते. ते तुला परत दिले."

इथला गार्ड "शूऽऽ" करत आला, मी दचकले, फोन पडता पडता वाचला. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"मिस, म्हणजे मी तेव्हा पहिली आले असते?"

काकूंनी पुतळ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"नाही. पाय चुकलेच होते तुझे!"