‘मर’ म्हणजे झाड

माझं माहेर इकडं कर्नाटकातच, दिग्गीकडचं. मी स्वतः कन्नड शाळेत शिकले, म्हणून दुसरीतल्या लेकीचं वाचन संध्याकाळी मीच घेते. घरी आमची मराठी, त्यात कोकणी मिसळलेली. शाळेत सगळं कन्नड.

एक दिवस ती आली आणि दप्तर टाकून थेट गोठ्यात जाऊन बसली. खोदून विचारल्यावर कळलं, बाईंनी तिला पहिलीच्या पोरांत बसवलं होतं. हिला वाचता येत नाही, चित्र बघून काहीतरी ठोकून देते, असं सगळ्यांसमोर सांगून.

मी पुस्तक उघडलं आणि चित्रावर हात ठेवला. अक्षरं तेवढी उघडी. ‘मर’ लिहिलं होतं; कन्नडात झाडाला ‘मर’ म्हणतात. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, ओठ हलवले आणि म्हणाली, “झाड.”

“लिवलंय तसं का म्हणत न्हाईस?”

“तसं म्हणायचं न्हाई. वाईट हाय ते.”

आमच्या घरात चिडून जनावरालासुद्धा कुणी ‘मर’ म्हणत नाही. पोरीनं अक्षरं वाचली होती, अर्थ लावला होता, आणि वाईट शब्द तोंडात नको म्हणून आपल्यातला शब्द सांगितला होता. त्याची ही शिक्षा! माझं डोकं तापलं.

सकाळी कामं तशीच टाकून शाळेत गेले. बाईंनी आधी मलाच सुनावलं. घरात मराठी बोलता म्हणून पोरं मागे राहतात, आजपासून कन्नडच बोला. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी फळ्यावर ‘मर’ लिहा. त्यांनी लिहिलं. लेक माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, “झाड.”

“बघा, चूक,” बाई म्हणाल्या.

“फळ्यावर चित्र न्हाई, बाई. तिनं वाचलं न्हाई, तर झाड आलं कुठनं?”

 मग लेक तो शब्द का टाळते ते मी सांगितलं. त्यांनी ‘नीरु’ लिहिलं. लेकीनं आधी ‘नीरु’ वाचलं, मग आपणहून ‘पाणी’ म्हणाली. त्याच दिवशी तिला दुसरीत परत बसवलं. पण आपलं चुकलं असं बाई पोरीला एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. सगळ्यांसमोर नाव ठेवलं होतं, तर सगळ्यांसमोर ते पुसायला नको?

त्यानंतर शेजारीण भेटली. तिच्या मुलीला वाचन जमत नव्हतं आणि शाळेतल्या बाईंनी शेजारणीलाही घरात कन्नडच बोला असं सांगितलं होतं. पण तिला स्वतःला कन्नड मोडकंतोडकंच येतं.

“म्हणून मी पोरीशी बोलतच न्हाई आता जास्त,” ती म्हणाली. “माझ्या बोलण्यानं तिचं नुकसान व्हायला नको.”

ऐकून माझा जीव नुसता जळला. मी तिला म्हटलं, पोरीशी पोटभर बोल, आपल्याच बोलीत. आणि संध्याकाळी तिला पुस्तक घेऊन माझ्याकडे पाठव.

आता दोघी पोरी आमच्या ओसरीवर वाचायला बसतात. पुस्तकातलं वाचतात, मग आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात यावरून भांडतात. मी मध्ये पडत नाही.