हौसाआत्यानं पाहिलेला शेवट

खरं तर ‘नुकतेच पाहिलेले चांगले चित्रपट’ या धाग्यावर लिहायला बसलो होतो. गेल्या आठवड्यात घरी तीन सीड्या आल्या. शाळामास्तराचा मराठी सिनेमा जरूर बघा, फक्त गाणी पुढे ढकला. पाणबुडीवाला इंग्रजी मात्र झोप येत नसेल तरच लावा. तिसऱ्या सीडीपाशी आलो आणि हात थांबला... तिच्याबद्दल इथं, गूढ अनुभवांच्या धाग्यावरच लिहावं लागणार.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास घेतो. विषय फिजिक्स. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्याला ‘आधी चष्म्याचा नंबर तपासून घे’ असं मी आजवर तोंडावर सांगत आलोय. आता तुम्ही मला खुशाल सांगा.

माझी हौसाआत्या आजऱ्याची. नवरा लवकर गेला, पिठाची गिरणी चालवून तिनं संसार ओढला. गिरणीचा पट्टा नाहीतर काही सुटा भाग घ्यायला ती कोल्हापूरला यायची, आणि आली की मॅटिनी ठरलेली. सोबतीला मी. पण आजऱ्याची एस्टी गाठायची म्हणून सिनेमा संपायच्या आधीच उठायची — पट्टा काखेत मारून! मग गाडीत बसल्या बसल्या शेवट स्वतःच रचायची आणि दुसऱ्या दिवशी दळणाला आलेल्या बायकांना रंगवून सांगायची. तिच्या एकाही सिनेमात कधी कुणी मेलं नाही. त्या बायका अजूनही तेच शेवट खरे मानून आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडं उतरली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, जोखीम आहे, पेशंटनं धीर सोडता कामा नये. आणि तिनं तर तो सोडलाच होता. नीट जेवेना, बोलेना. गिरणीची किल्लीसुद्धा माझ्या बायकोच्या, सुनीताच्या हातात देऊन मोकळी झाली. मला ते बघवेना. म्हटलं, “आत्या, सिनेमाला जाऊया?”

मी ठरवला होता विनोदी सिनेमा. पण वाटेत एका थेटरावर पिठानं माखलेल्या बाईचं पोस्टर दिसलं आणि आत्यानं रिक्षा थांबवली. “गिरणीवालीचा हाय रं! ह्योच बघायचा.”

त्याच आठवड्यात मी आणि सुनीतानं तो पाहिला होता. त्यातली गिरणीवाली शेवटी ऑपरेशनमध्ये मरते! मी हाउसफुल्ल आहे म्हणून थाप मारली, तर आत्या स्वतः खिडकीवर जाऊन तिकिटं घेऊन आली. म्हटलं, असू दे, नेहमीप्रमाणे आधी उठूच की.

पण ती वेळ आली तशी आत्या हलेना.

“आत्या, ऊठ. एस्टी चुकेल.”

“आज कसली यस्टी? तुझ्याच घरात ऱ्हायलोय न्हवं! एकदा तरी शेवट बघू दे की मला.”

पडद्यावर ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले. इथं ते नुसती मान हलवतात, मला पक्कं माहीत होतं. मी आत्याचा हात घट्ट धरला... आणि डॉक्टर हसले. पुढच्या दृश्यात गिरणीवाली हिरव्या पातळात खाटेवर बसलेली. लेकाला विचारते, “पट्टा बदललास का?” मग गिरणी सुरू झाल्याचा आवाज, आणि सिनेमा संपला.

दिवे लागले. आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. एकीला तर हुंदका आवरेना. आत्या त्यांच्याकडं बघतच राहिली. “ह्यास्नी काय झालं रडायला? चांगली बरी झाली की ती!”

मला वाटलं, माझाच डोळा लागला असणार. पण घरी मी चपला काढतोय तोवर आत्यानं सुनीताला सगळं सांगून टाकलं — हिरवं पातळ, पट्टा, सगळं. मी अजून चकार शब्द बोललो नव्हतो. सुनीतानं माझ्याकडं बघितलं, मी मानेनंच नको म्हटलं. ती म्हणाली, “हो आत्या, फार चांगला शेवट आहे.” त्या दिवशी आत्या पोटभर जेवली आणि गिरणीची किल्ली परत मागून घेतली.

ऑपरेशन उत्तम झालं. नंतर मी त्या थेटरात जाऊन डोअरकीपरला विचारलं, शेवट दोन आहेत का? तो म्हणाला, “न्हाय हो पावणं. रीळ एकच. रोज बायका रडतच भाईर येत्यात.” ज्याला ज्याला विचारलं त्याच्या सिनेमात गिरणीवाली मेलेलीच आहे.

तर तिसरी सीडी तीच. आत्या परवा आली होती, म्हणून लावली. लाल दिवा दिसला आणि ती उठली, पिशवी काखेत मारली.

“कुठं निघालीस?”

“च्या टाकतो. तुमी बघा. माझा बघून झालाय.”

सुनीता हळूच म्हणाली, “बघा की आता एकदाचं. फिजिक्सवाले ना तुम्ही?” मी रिमोट हातात घेऊन बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आत्या दूध कुठं ठेवलंय म्हणून ओरडत होती. मी सीडी बंद केली.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण सिनेमा चांगला आहे, जरूर बघा. फक्त आजऱ्याची एस्टी गाठायचीय असं समजून जरा आधी उठा.