विचारबाई

पोराच्या फुटलेल्या गुडघ्याला आयोडीन लावायचं असलं तरी बाई आधी त्याला विचारायच्या, "लावू का रं? झोंबेल हं." पोरगं नाही म्हणालं तर हातात बाटली धरून शांत बसून राहायच्या. मग थोड्या वेळाने तेच पाय पुढे करायचं. पाटीवरची चुकलेली बेरीज पुसण्याआधी "पुसू का?", सुटलेली वेणी घालण्याआधी "घालू का गं?" आम्ही मास्तर मंडळी छडीशिवाय वर्गात पाऊल टाकत नव्हतो, त्या काळातली ही गोष्ट. गावाने त्यांचं नाव विचारबाई ठेवलं होतं. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त होती. "पोरांना काय इचारता बाई? त्यांना काय कळतंय?" असं कोणी म्हणालं की बाई म्हणायच्या, "दुखणार त्याला ना? मग त्यालाच विचारते."

लोधिवलीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरून भाताच्या बांधांवरून आत चालत गेलं की आमची शाळा यायची. दोन खोल्या, बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांचा एकुलता एक सहायक. नोकरी नवी, वय कोवळं. बाई मूळच्या कर्जतच्या. गावातच खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी भावाकडे जायच्या. पोरांसमोर मला कधी नावाने हाक मारली नाही, नेहमी "गुरुजी". मला ते फार आवडायचं.

चौथीत सुगंधा नावाची मुलगी होती. लहानपणीच्या एका तापात तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दोन महिने राहून ती परत आली, ती आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे डॉक्टरांचं बोलणं घेऊनच. बापाने शाळेतून नाव काढायचं म्हटलं. बाई त्याच्या पडवीत जाऊन बसल्या आणि त्याच्यादेखत पोरीला विचारलं, "सुगंधा, तुला काय करायचंय?"

"शाळंत बसायचंय."

"आणि शाळेत जास्त झालं तर?"

"तर घरी आनायचं. तिकडं नाय न्यायचं. तिकडं आयला आत घेत न्हाईत आन् हात बांधून ठेवत्यात."

आई पदर तोंडात धरून रडत होती. बाईंनी तिला विचारलं, बापाला विचारलं, तालुक्याच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊनही फरक पडायचा नाही. दम लागला की निजवू नका, टेकवून बसवा, आणि ही गोळी द्या. मग बाईंनी पेंढा भरलेला एक लोड शिवून घेतला आणि खिडकीपाशी भिंतीला लावला. तीच सुगंधाची जागा.

सगळ्यात अवघड काम त्यांनी वर्गात केलं. "सुगंधाला तुमच्यात बसायचंय. तिला इथंच काही होऊ शकतं. तुम्हांला चालेल का?"

"ती मरंल काय बाई?" मागून एकाने विचारलं.

"हो. कधी ते मला माहीत नाही."

सगळी पोरं सुगंधाकडे वळून बघू लागली. मग तोच म्हणाला, "चालंल. पन तिचा पाढा चुकला तर आमी हसनार." सुगंधाच सगळ्यांत आधी हसली. लोड कोणी लावायचा, गोळी कोणी द्यायची, आईला बोलवायला कोणी धावायचं, हे मुलांनीच आपसांत ठरवून टाकलं.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "असं ठरलंय, गुरुजी." मी मान हलवली.

भात झोडण्याचे दिवस होते. बाई बैठकीला खालापूरला गेल्या होत्या. दुपारी सुगंधाचा श्वास अडकला, ओठ जांभळे पडले. मुलांनी ठरल्याप्रमाणे सगळं केलं. लोड सरकवला, गोळी दिली, एक जण खळ्यावर तिच्या आईकडे धावला. घाबरलो तो मीच. तिला उचललं आणि बांधांवरून हायवेकडे पळत सुटलो. माझ्या खांद्यावर ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गुरुजी, घरी न्या ना." मला ते स्वच्छ ऐकू येत होतं. मी टेंपो थांबवला आणि पनवेल गाठलं. तिची आई फाट्यावर पोचली तेव्हा टेंपो निघून गेला होता.

संध्याकाळी बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात आल्या. मी म्हणालो, "बाई, जीव वाचला तिचा." आत सुगंधा हाताला सलाईन लावून भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई फाटकाबाहेर होती, भेटायची वेळ संपली होती. बाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"चूक माझी झाली, गुरुजी. तिला विचारलं, आईबापाला विचारलं, पोरांना विचारलं. तुम्हांला नुसतं सांगितलं. तुम्हांला जमेल का, हे विचारलंच नाही."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते आजही सलतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोलून त्यांनी पोरीला घरी आणलं. शाळेपर्यंत चालण्याची ताकद आता तिच्यात नव्हती, म्हणून चौथीचा वर्ग बाईंनी तिच्या पडवीत भरवला. भाताच्या कणग्यांना टेकून पोरं बसायची. "शाळाच घरात आली रं!" असं बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी तिच्यासमोर जायला कचरत होतो. एकदा तिनेच हाक मारली, "गुरुजी, आज तुमी सतराचा पाढा म्हना. मी तपासते." मी मध्येच अडखळलो. "चुकलं! गुरुजी चुकलं!" सगळी पडवी हसली. ती हसताना दमली आणि लोडावर मान टेकून माझ्याकडे बघत राहिली.

एके सकाळी वर्ग भरायच्या आधी आईच्या खांद्यावर मान टाकून ती गेली. अंगणात उभ्या पोरांना बाईंनी सांगितलं आणि विचारलं, "आत यायचंय का? ज्याला यायचं असेल त्यानेच या." सगळी आत गेली. मीही गेलो.

पुढे माझी बदली झाली, संसार झाला, केस पिकू लागले. बाई निवृत्त होऊन कर्जतला भावाच्या घरी राहत होत्या. पोटात गाठ निघाली आहे असं कळलं, तेव्हा मी भेटायला गेलो. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मुंबईत सोय केलीय. आत्या ऐकत नाही, तुम्ही समजवा."

मी बाईंजवळ बसलो आणि विचारलं, "बाई, तुम्हांला काय हवंय?"

त्या बारीक हसल्या. "शिकलात म्हणायचं." मग म्हणाल्या, "मला इथंच राहायचंय. पण शुद्ध गेली की ही मंडळी घाबरतील, उचलून गाडीत घालतील. तेव्हा मला बोलता येणार नाही. कोणीतरी दारात उभं राहायला हवं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हांला जमेल का, गुरुजी? नाही म्हणालात तरी चालेल."

या वेळी मी नुसती मान हलवली नाही. बराच वेळ गप्प बसलो. बाईही बसल्या, आयोडीनची बाटली हातात धरून बसायच्या तशाच.

"जमेल, बाई," मी म्हणालो.

दिवाळीच्या आधी एका दुपारी बाईंची शुद्ध गेल्याचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा भाच्याने गाडी आणून उभी केली होती. तो रडत होता. त्याची भीती मला ओळखीची होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चपला काढल्या आणि दारात उभा राहिलो.