दोन्ही भाषा येणारी

माझ्या सासूबाईंना सरळ प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर आलं, असं कधी झालंच नाही. जेवलात का म्हटलं, की "तू जेवलंस?" झोप लागली का म्हटलं, की "आज थंडी जास्त आसा मा?" मी पुण्याची, तोंडावर बोलणारी. माझं डोकं फिरायचं. नवरा म्हणायचा, अगं, सवय आहे तिची, सोडून दे.

सवय कुठली ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही त्याच्याकडून. गोवा अजून फिरंग्यांकडे होता तेव्हाची गोष्ट. सासूबाई तेव्हा कोवळ्या पोरसवदा. पोलिसांच्या साहेबाच्या बंगल्यावर रोज अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन जायच्या. बाईसाहेब केसांत माळेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात बसून राहायचं. साहेब आणि त्याची माणसं आतल्या खोलीत बोलत, आणि ही फुलवाली पोर त्यांची भाषा शिकली आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कुठल्या वाडीवर धाड पडणार, कुणाला उचलणार, ते ओहोळावर धुणं धुताना दुसऱ्या एका बाईच्या कानात जायचं. तिथून ते रानात लपलेल्या बंदूकवाल्या पोरांपर्यंत. त्या दोघींनी एकमेकींचं नाव कधी विचारलं नाही. ती दुसरी बाई पुढे पकडली गेली आणि परत आली नाही. नवऱ्यानं तेव्हा एवढंच सांगितलं होतं.

गावी त्यांना बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना इकडे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला आणलं. नवऱ्याची नोकरी बॉनला, तो शुक्रवारी यायचा. बाकी आठवडाभर घरात आम्ही दोघीच. मी लॅपटॉपवर मीटिंगा करायची आणि त्या खिडकीशी बसून समोरच्या पार्किंगमध्ये कोण येतं, कोण जातं ते बघायच्या.

एका मंगळवारी त्यांनी पेज बाजूला सारली. अंग तापलं होतं, चेहरा राखेसारखा. मी त्यांना गाडीत घालून थेट हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, म्हणजे इमर्जन्सीत नेलं. डॉक्टर तरुण होता, अगदी सौम्य बोलणारा. तो जर्मनमध्ये विचारायचा, मी मराठीत.

"अहो आई, कुठं दुखतंय ते सांगा. मी त्यांना नीट समजावून सांगते."

त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गुडघो दुखता," म्हणाल्या.

त्यानं पोट दाबून पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. रक्त काढायला हात मागितला, तर तो पदराखाली ओढून घेतला. मी चिडले, हात जोडले, पुन्हा चिडले. "गुडघो." शेवटी गुडघ्याचा एक्स-रे झाला. इथं ठेवून घेतो म्हणाला, तर या उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

शुक्रवारी नवरा आला तोवर त्यांना उलट्या सुरू झाल्या होत्या. मी त्याला सगळं सांगितलं. गुडघा म्हटल्याबरोबर त्यानं मला थांबवलं.

"अगं, त्या दुसऱ्या बाईनंतर हिलाही चौकीत नेलं होतं, तेव्हाही ती गुडघा दुखतो एवढंच म्हणाली होती. मध्ये दुभाषी बसवली होती, शेजारच्याच गावातली. पोरी, मला सांग, मी त्यांना नीट समजावते, म्हणत होती. हिनं रात्रभर गुडघ्याशिवाय दुसरं काही सांगितलंच नाही."

माझेच शब्द होते ते.

त्याच रात्री त्यांना पुन्हा हॉस्पिटलात नेलं. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण विष पोटभर पसरलेलं. दुसऱ्या दिवशी आयसीयूच्या काचेतून मी पाहिलं, तर एक धिप्पाड नर्स त्यांच्यावर वाकली होती. तिला जर्मनखेरीज काही येत नव्हतं. सासूबाईंनी तिचा हात धरला, बेंबीच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवला आणि कळवळून तोंड वाकडं केलं. माझ्यापासून चार दिवस लपवलेलं दुखणं त्या परक्या बाईला दाखवलं. मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की मी तिथंच कॉरिडॉरमध्ये रडले.

आत जाऊन विचारलंच. "मला का नाही सांगितलंत?"

"तुका दोनय भाषा येतत," म्हणाल्या. "तसल्या बाईसमोर तोंड उघडूचा नाय. ती काय करू शकता, ता माका म्हायत आसा. मीच तसली होतंय." मग म्हणाल्या, "तुझ्यार राग नाय गो माझो."

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, पण त्याचं जर्मन ऑफिसापुरतं. डॉक्टर माझ्याकडे बघून सावकाश बोलले. पुन्हा पोट उघडण्यात अर्थ नाही. एखाद-दोन दिवस. नवऱ्यानं मान हलवून मला खुणावलं, आईला नको सांगूस.

"काय म्हणता तो?" सासूबाईंनी विचारलं.

इतक्या वर्षांत उत्तर हवं म्हणून त्यांनी मला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न. नवऱ्याकडे न बघता मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

त्यांनी डॉक्टरांचा चेहरा नीट पाहिला, मग माझा. बहुतेक माझे शब्द त्यांच्या चेहऱ्याशी ताडून बघत होत्या. ताडून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"सांग तेका," म्हणाल्या. "खूप दुखता. मंगळवारपासून दुखता. सोसवत नाय."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं. त्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.